जिवंत माणसाला खांदा

‘खांदा देणे’ हा वाक्प्रचार कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तिरडी उभी राहते. मृताला खांदा देणे हे पुण्यकर्म मानले जाते. आपल्या धर्मग्रामांतही शवपेटी उचलण्यासाठी कोणाला आमंत्रण द्यावे लागत नाही. कालपर्यंत ज्याच्याशी अबोला होता त्याच्याही अंत्ययात्रेत माणसे आपण होऊन पुढे येतात. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अरण्यभागात जिवंत माणसाला खांदा देण्याची एक जुनी रीत आहे. घरातल्या बाजेला दोर बांधायचे, ते दोर एका जाड बांबूला अडकवायचे, बाजेवर रुग्णाला निजवायचे आणि बांबूची टोके पुढे-मागे खांद्यांवर घेऊन चालू लागायचे. वर्तमानपत्रे तिला ‘खाटेची कावड’ म्हणतात. दोघे थकले की दुसरे दोघे पुढे होतात. वाटेत गाव लागले तर त्या गावचे तरुण काही अंतर भार वाहतात. या सेवेची कोठे नोंदणी नाही, तिला वेतन नाही आणि तिला भोंगाही नाही. तरीसुद्धा त्या प्रदेशातील पहिली स्वयंसेवी रुग्णवाहिका म्हणून इतिहासाने तिचीच नोंद करावयास हवी. प्रस्तुत लेखाचा विषय हा त्या खांद्यांचा इतिहास आहे.

अंतराचे गणित

जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एवढ्या विस्तीर्ण भूभागात राहणाऱ्यांची संख्या होती १०,७२,९४२. पश्चिमेला वैनगंगा वाहते. ती वर्धेला मिळाली की प्रवाहाचे नाव प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. आग्नेयेकडून इंद्रावती येते. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्यांचा संगम आहे. नकाशावर ही नावे मोठी काव्यमय वाटतात. मात्र पावसाळ्यात याच नद्या आणि त्यांना मिळणारे अगणित नाले गावागावांना एकमेकांपासून तोडून टाकतात. वर्षानुवर्षे पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा जगाशी संबंध तुटत असे. रेल्वेच्या नावाने दीर्घकाळ देसाईगंज, म्हणजे वडसा, हे एकच स्थानक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला होते. दक्षिणेकडच्या माणसाला त्याचा काहीही उपयोग नव्हता.

अशा प्रदेशात आजार हा केवळ शरीराचा विषय राहत नाही, तो अंतराचा विषय होतो. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक महिलांनी मातामृत्यूंची मीमांसा करताना तीन विलंबांचा सिद्धान्त मांडला. पहिला विलंब दवाखान्यात जावे असा निर्णय घेण्यातला, दुसरा तेथे पोहोचण्यातला आणि तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. शहरातील वाचकाला यातला तिसरा विलंब परिचयाचा असतो. अरण्यात मात्र पहिला विलंब दुसऱ्याच्या पोटी जन्म घेतो. चार कोस चालत जाऊन उपयोग होईल याची खात्री नसेल तर निघावे कशाला, असा विचार माणूस करतो. आणि निघावयाचे ठरते तेव्हा वेळ टळलेली असते. त्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणवणे सोपे आहे. पण पुजाऱ्याचे घर गावात आहे आणि डॉक्टरचे घर दोन नाल्यांपलीकडे आहे, ही वस्तुस्थिती त्या शब्दाने झाकली जाते.

येथे एक वैयक्तिक आठवण सांगणे मला भाग आहे, कारण या विषयाकडे मी वळलो तो तिच्यामुळे. सेमिनरीत शिकत असताना मी काही दिवस त्या भागात गेलो होतो. पावसाळा होता. नाल्याला पूर आल्याने एस. टी. अलीकडेच थांबली होती आणि आम्ही प्रवासी पाणी उतरण्याची वाट पाहत होतो. तेवढ्यात रानातून पाच-सहा माणसे एक बाज घेऊन आली. बाजेवर विशीतला एक तरुण होता. पायाला साप डसला होता आणि गुडघ्याखाली सुतळी इतकी घट्ट आवळली होती की पाऊल काळेनिळे पडले होते. माझ्या अंगावरचे कपडे आणि हातातले पुस्तक पाहून त्यांच्यातील वयस्क माणूस म्हणाला, “गुरुजी, पाहा ना जरा.” मी पाहिले. तत्त्वज्ञान माझे शिकून झाले होते, ईशज्ञानाचे धडे चालू होते. ती सुतळी सोडावी की ठेवावी, हे मात्र मला ठाऊक नव्हते. मी त्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. थोड्या वेळाने त्यांनी बाज उचलली आणि वरच्या अंगाला उतार शोधत ते निघून गेले. त्या तरुणाचे पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही. प्रार्थना केल्याचा मला पश्चात्ताप नाही. प्रार्थनेखेरीज माझ्यापाशी काहीच नव्हते याचा आहे.

चालते रुग्णालय

‘अँब्युलन्स’ या शब्दाचे मूळ चालणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. फ्रेंच भाषेत सैन्याबरोबर फिरणाऱ्या इस्पितळाला ‘चालते रुग्णालय’ म्हणत; त्यातून हा शब्द आला. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य डोमिनिक लारे याने १७९० नंतरच्या दशकात जखमींना रणांगणावरूनच उचलून आणणाऱ्या वेगवान घोडागाड्या सुरू केल्या. पुढे इस्पितळ मागे पडले आणि शब्द गाडीला चिकटला. आपला ‘रुग्णवाहिका’ हा प्रतिशब्दही वाहून नेण्यापुरताच आहे. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. रुग्णाला उपचाराकडे न्यावयाचे की उपचाराला रुग्णाकडे आणावयाचे, हाच चांदा-गडचिरोलीच्या आरोग्यसेवेच्या इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

ख्रिस्ती परंपरेला हे दोन्ही मार्ग आरंभापासून माहीत आहेत. संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावी चार माणसे एका पक्षाघाती मनुष्याला उचलून आणतात; दाराशी गर्दी असल्यामुळे ते छप्पर उघडून त्याला बाजेसकट प्रभू येशूसमोर उतरवतात. त्या चौघांची नावे शुभवर्तमानकाराने दिलेली नाहीत. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, एवढेच तो सांगतो. विश्वास डोळ्यांनी दिसला तो कसा? खांद्यावरच्या वळांत आणि छपराला पडलेल्या भोकात. संत लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोनी मात्र दुसऱ्या मार्गाचा प्रवासी आहे. तो जखमी माणसाजवळ जातो, तेल आणि द्राक्षारस ओतून जागच्या जागी जखमा बांधतो, मग आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि शेवटी दोन दिनार देऊन पुढच्या शुश्रूषेची तरतूद करतो. प्रथमोपचार, वाहतूक, रुग्णालय आणि खर्च हा क्रम आजच्या आरोग्यशास्त्रालाही मान्य आहे. आपण या दाखल्यावर प्रवचने देतो ती बहुधा करुणेवर. शोमरोन्याला जखम बांधता येत होती, याकडे आपले लक्ष जात नाही.

या दाखल्याला संस्थेचे रूप देणारे बंधुसंघ युरोपात मध्ययुगातच उभे राहिले. फ्लॉरेन्स येथील मिझेरिकॉर्दिया या सामान्य प्रापंचिकांच्या बंधुसंघाची स्थापना परंपरेनुसार १२४४ ची मानली जाते. निकड निर्माण झाली की शहरातील व्यापारी, कारागीर, सरदार आपले काम टाकून येत, काळा झगा आणि चेहरा झाकणारी टोपी घालत आणि आजाऱ्याला डोलीतून इस्पितळात नेत. उपकार कोणी केला हे उपकृताला कळू नये म्हणून चेहरा झाकायचा. हा संघ आजही फ्लॉरेन्समध्ये रुग्णवाहिका चालवतो. १४९८ साली लिस्बन येथे राणी लिओनोरच्या आश्रयाने अशाच नावाचा संघ निघाला आणि पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तो गोव्यात व वसईतही पोहोचला. वसईच्या किल्ल्यातील भग्नावशेषांत फिरताना आपण चर्चची नावे मोजतो. आजाऱ्यांची सेवा करणे आणि मृतांना मूठमाती देणे ही दयेची कृत्ये नियमाने करणारा संघ तेथे होता, हे फारसे कोणी आठवत नाही. त्या संघाच्या सभासदत्वाला वंश आणि प्रतिष्ठेची कुंपणे होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चौघांच्या खांद्यावर बाज यावी म्हणून आधी चौघांची जात पाहिली जावी, हा दोष आपल्या इतिहासात परका नाही.

आधुनिक स्वयंसेवेचा उगमही एका धर्मग्रामाच्या उंबरठ्यावर झाला. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरीनोची लढाई झाली आणि हजारो जखमी कास्तिल्योने या जवळच्या गावात आले. जिनिव्हाचा तरुण व्यापारी आंरी ड्युनाँ योगायोगाने तेथे होता. त्याने, तेथील धर्मगुरू लोरेन्झो बार्झिझा यांनी आणि गावच्या स्त्रियांनी चर्चचे इस्पितळ केले आणि शत्रू-मित्र हा भेद न करता जखमींची सेवा केली. त्या अनुभवातून १८६३ मध्ये रेडक्रॉसचे बीज पडले व १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. ड्युनाँच्या मनाला जे लागले ते असे की, गावकऱ्यांजवळ माया होती, पण शिकवण नव्हती. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली ती हीच उणीव भरून काढण्यासाठी. कामगार, पोलीस, रेल्वेचे नोकर अशा सामान्य माणसांना जखम बांधणे आणि मोडलेल्या हाडाला आधार देणे शिकविण्याचे काम तिने हाती घेतले. पुढे ही शिकवण आपल्या देशातही आली. तथापि ती रेल्वेच्या रुळांबरोबर आली आणि रूळ जेथे संपले तेथे थांबली. चांद्याच्या दक्षिणेला रूळ बल्लारपुरावरून तेलंगणाकडे वळतात. अरण्य पूर्वेला आहे.

हेमलकसा : ज्ञान रानात आले

या अरण्यभागाच्या वेशीवर, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीच्या द्वारे १९४९ पासून कुष्ठरुग्णांचे काम आरंभिले आणि आनंदवन उभे केले. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता स्वतः त्या रोगाने १८८९ मध्ये मृत्यू पावलेल्या फादर डेमियन यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. विश्वमंडळाने २००९ साली त्यांना संतपद दिले. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत चाललेल्या आनंदवनाच्या कार्याकडे त्याच डोळ्यांनी पाहण्यास मात्र आपल्याला वेळ लागला.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे हे तरुण दाम्पत्य तेथे राहावयास गेले. रस्ता नाही, वीज नाही आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने संपर्क नाही. त्याहून मोठा अडसर असा की रुग्णच येईनात. अंगभर कपडे घातलेल्या परक्या माणसाचा त्या लोकांचा पूर्वानुभव सुखाचा नव्हता. डॉक्टरांनी माडिया भाषा आत्मसात केली आणि वाट पाहिली. हळूहळू मेंदूचा मलेरिया झालेले, अस्वलाने फाडलेले, झाडावरून पडलेले, साप चावलेले रुग्ण बाजेवरून येऊ लागले. रुग्णाबरोबर आलेले सारे आप्त तेथेच चूल मांडून राहत आणि त्यांना राहू दिले जाई. १९७६ मध्ये आश्रमशाळा निघाली. दवाखान्याच्या बरोबरीने गावातील माणसांना प्राथमिक उपचार शिकवून आरोग्यसेवक म्हणून आपापल्या पाड्यांत पाठविण्याचे काम सुरू झाले. या कार्यासाठी २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

इतिहासाच्या दृष्टीने हेमलकशाचे महत्त्व असे की, खांद्यावरच्या बाजेला प्रथमच जवळचा मुक्काम मिळाला. पूर्वी ती बाज चंद्रपूरच्या दिशेने निघे आणि बहुधा अर्ध्या वाटेवरून परत येई. आता ती दोन दिवसांच्या चालीवर का होईना, पण निश्चित ठिकाणी पोहोचू लागली. खात्री निर्माण झाली तेव्हाच तीन विलंबांपैकी पहिला, निर्णयाचा विलंब, कमी होऊ लागला.

याच काळात आपल्या कॅथलिक मिशनचेही पाऊल या भागात पडले होते. १९६२ साली चांदा मिशन वेगळे करून ते केरळातील सीरो-मलबार परंपरेच्या सी. एम. आय. धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. १९७७ मध्ये चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्या संघाचे संस्थापक संत कुरियाकोस चावरा यांनी १८६९ मध्ये केरळातील कैनाकरी येथे निराधार मरणोन्मुखांसाठी घर उघडले होते. तोच वसा घेऊन धर्मभगिनी दवाखाने चालवू लागल्या. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय हे नाव त्या परिसरात सर्वांच्या परिचयाचे आहे. या कार्याचा आपल्याला अभिमान असावा. पण आपली शक्ती प्रामुख्याने इमारतीत, खाटांत आणि शाळांत एकवटली. आपण उतारशाळा बांधल्या. वाटेवर उतरून जखम बांधणारा प्रापंचिक शोमरोनी घडविण्याची जबाबदारी आपण फारशी उचलली नाही.

शोधग्राम : ज्ञान गावातल्या बाईच्या हाती

त्यापुढचे पाऊल १९८६ नंतर पडले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्या वर्षी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांनी आरंभ केला तो ऐकण्यापासून. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढ्या स्त्रिया आजारी होत्या आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता! ज्या दुखण्याला बाजही मिळत नाही असे ते दुखणे होते.

आदिवासींना दवाखाना कसा हवा, असे त्यांनी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतील माणसांची भीती वाटते, नातलगांना बाहेर काढतात ते आवडत नाही, अशी उत्तरे आली. म्हणून चातगावजवळ शोधग्राम वसविताना रुग्णालय गोंडांच्या वस्तीसारख्या झोपड्यांचे केले गेले आणि लोकांच्या इच्छेप्रमाणे त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. या नावाने आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. मला मात्र त्यात यजमानाच्या घरी गेलेल्या पाहुण्याची नम्रता दिसते.

तरीही रुग्णालय एकाच ठिकाणी आणि गावे अनेक, हा पेच सुटला नव्हता. बालके मरत होती ती मुख्यतः न्यूमोनियाने आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील जंतुसंसर्गाने. आजारी अर्भकाला बाजेवर घालून कोण नेणार? ते तास-दोन तासांत थंड पडते. तेव्हा उपचारच गावात ठेवावयाचे ठरले. न्यूमोनिया ओळखण्याची खूण साधी आहे : मूल दोन महिन्यांहून लहान असेल तर मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, त्याहून मोठे असेल तर पन्नास किंवा अधिक. पण ज्या सुईणीला एवढे अंक मोजता येत नाहीत तिने काय करावे? तिच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले उपकरण बनविण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळाला औषध द्यायचे. आपल्या आयांच्या हाती रोझरीचे मणी असत. या बायांच्या हाती श्वासांचे मणी आले.

पुढे ३९ गावांत प्रत्येकी एक स्त्री निवडून तिला ‘आरोग्यदूत’ म्हणून घडविण्यात आले. तिच्याजवळ ताणकाटा, तापमापी, बाळाला उबेत ठेवण्याची पिशवी, न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे साधन आणि जंतुसंसर्गासाठी इंजेक्शन असे. प्रसूतीच्या वेळी ती हजर राही आणि नंतर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ तपासी. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करण्यात आली. आरोग्यदूतांच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत असत. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले. सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हातात सुई देणे धोक्याचे आहे, हा आक्षेप त्या आकड्यांनी निरुत्तर केला.

याच धर्तीचे काम १९७० पासून जामखेडला करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे आपले ख्रिस्ती बांधव होते, याचेही स्मरण ठेवावे. त्यांनी खेड्यातील निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका केले. जामखेड आणि गडचिरोली यांसारख्या प्रयोगांची शिदोरी घेऊनच २००५ मध्ये देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या आणि २०११ पासून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेणे हे त्यांच्या कामाचा भाग झाले. चालते रुग्णालय या जुन्या शब्दाला पुन्हा त्याचा मूळ अर्थ मिळाला. आता ते अनवाणी चालत होते एवढेच.

गाडी आली, तरीही

जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाने १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू केली. ९३७ रुग्णवाहिका, प्रत्येकीत डॉक्टर आणि रुग्णाला शुल्क नाही, अशी ही योजना होती. तत्पूर्वी आदिवासी भागांत ‘माहेरघर’ ही कल्पना राबविण्यात आली होती : दिवस भरत आलेल्या बाईने आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे, म्हणजे ऐनवेळी वाट चालण्याचा प्रसंग येऊ नये. दोन्ही योजनांचे मोल मोठे आहे. किती जीव त्यांमुळे वाचले असतील याची गणना देवच करू जाणे.

तथापि १०८ ला फोन करावयाचा तर फोनला रेंज हवी. गाडी यावयाची तर रस्ता हवा. रस्ता असला तर नाल्यावर पूल हवा. १९८० नंतर या अरण्यात चाललेल्या सशस्त्र संघर्षाने रस्त्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. एका बाजूला रस्ता म्हणजे विकास, तर दुसऱ्या बाजूला रस्ता म्हणजे फौजफाटा, अशा कात्रीत कित्येक गावे सापडली. म्हणून १०८ आल्यानंतरही गडचिरोलीतून खाटेच्या कावडीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतच राहिली. गाडी डांबरी सडकेवर उभी असते आणि तिच्यापर्यंतचे शेवटचे दोन-तीन कोस पुन्हा खांद्यांवरच पार पडतात.

अशा छायाचित्रांखाली बहुधा संतापाचे शब्द असतात आणि ते रास्तच असतात. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी एखाद्या बाळंतिणीला बाजेवरून जावे लागणे ही शासनाला आणि समाजाला लाजिरवाणी गोष्ट आहे. स्वयंसेवेचे गोडवे गाताना हे विसरणे म्हणजे अन्यायावर फुले वाहणे होय. हेमलकसा आणि शोधग्राम येथील मंडळींनी शासनाला त्याच्या कर्तव्यातून मोकळे केले नाही. उलट ‘कोवळी पानगळ’सारख्या अहवालातून बालमृत्यूंचे खरे आकडे मांडून त्याला जाब विचारला. खांदा देणाऱ्याने रस्ताही मागितला पाहिजे.

परंतु छायाचित्राकडे पाहताना आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. बाजेभोवती चार-सहा माणसे असतात. शहरातील हमरस्त्यावर अपघात होतो तेव्हा सभोवती याहून कितीतरी अधिक माणसे जमतात आणि जखमी तसाच पडून राहतो. रस्ता आहे, गाडी आहे, रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे; खांदा नाही. पोलिसांचे झेंगट नको, हे कारण आपण देतो. जखमीला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, तेव्हा ते कारणही उरलेले नाही. अशा मदतनिसाला इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘चांगला शोमरोनी’ असेच म्हणतात. आपल्या शुभवर्तमानातला शब्द न्यायालयात पोहोचला. आपल्या धर्मग्रामांत तो किती पोहोचला आहे?

आपल्यासाठी

चांदा-गडचिरोलीच्या या इतिहासात चार टप्पे दिसतात. प्रथम फक्त खांदा होता. मग ज्ञान रानात आले. नंतर ते गावातल्या बाईच्या हाती गेले. शेवटी गाडी आली. या चारांपैकी कोणताही टप्पा आधीच्याला निरुपयोगी ठरवत नाही. आरोग्यदूत नसेल तर गाडी बोलवायची केव्हा हे कळत नाही; आणि खांदा नसेल तर गाडीपर्यंत पोहोचता येत नाही. माया आणि ज्ञान यांची फारकत झाली की काय होते, ते मी त्या नाल्याच्या काठी पाहिले आहे. त्या वयस्क माणसाजवळ माया होती आणि मैलोगणती चालण्याचे बळ होते. माझ्याजवळ शिक्षण होते, पण ते तेथे लागणारे नव्हते.

ती सुतळी आवळायला नको होती, हे मी पुष्कळ उशिरा शिकलो. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये; रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला अवयव फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा आणि विषरोधक लस मिळेल अशा दवाखान्यात शक्य तितक्या लवकर न्यावे. एवढे शिकायला एक दुपार पुरते. सेमिनरीत माझी अनेक वर्षे गेली, त्यात ही एक दुपार नव्हती. यात माझ्या गुरुजनांना मी दोष देत नाही. मीही ती कधी मागितली नाही.

म्हणून माझ्या धर्मग्रामात आता दृढीकरणाच्या तयारीला बसणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही एक दिवस प्रथमोपचारासाठी राखून ठेवतो. गावच्या एक परिचारिका येऊन शिकवतात. रक्त कसे थांबवावे, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवावे, मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यावा आणि दोन काठ्या व एक चादर यांची डोली कशी करावी, हे ती मुले शिकतात. पहिल्या वर्षी एका पालकाने मला विचारले, “फादर, दृढीकरणाचा आणि याचा काय संबंध?” मी त्यांना मार्कचा दुसरा अध्याय उघडून दाखवला.

कफर्णहूमच्या त्या चौघांनी आजाऱ्याला बरे केले नाही. ते त्यांच्या हाती नव्हते. बरे करणारा निराळा होता. पण त्यांनी बाज उचलली नसती तर तो पक्षाघाती मनुष्य आपल्या घरीच पडून राहिला असता. मृताला खांदा देण्यात आपण कधी कमी पडलो नाही. भामरागडच्या रानातली ती निनावी माणसे आपल्याला विचारत आहेत की, जिवंत असताना तुम्ही कोठे असता? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला प्रवचनातून देता येणार नाही. ते खांद्यानेच द्यावे लागेल.